शकुन म्हणजे पाखरू

बीडहून घाट चढून वर आलं की मांजरसुंब्याचा चौक लागतो. चौकात मधोमध उभं राहून तोंड दक्षिणेला केलं, तर पाठीशी बीड, समोर चौसाळा, डाव्या हाताला नेकनूर-केज आणि उजव्या हाताला पाटोदा. एसटीची वाट बघत या चौकात मी किती तास घालवले असतील, ते देवालाच ठाऊक. पुढं कधीतरी वाचनात आलं की दोन हजार वर्षांपूर्वी रोममधला शकुन बघणारा अधिकारी असाच उभा राहत असे. पुढे दक्षिण, मागे उत्तर, डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. वारो नावाच्या लॅटिन भाषापंडितानं या चार बाजू याच हिशेबानं लिहून ठेवल्या आहेत. तेव्हापासून या चौकात एसटी उशिरा आली तरी मी फारसा चिडत नाही.

त्या अधिकाऱ्याला ‘औगुर’ म्हणत. त्याच्या हातात वरच्या टोकाला वळलेली, एकही गाठ नसलेली काठी असे. ती काठी फिरवून तो आभाळात एक चौकोन आखायचा आणि त्या चौकोनात कुठलं पाखरू कुठून शिरतं, कुठं जातं, काय बोलतं, ते बघत बसायचा. त्या आखलेल्या जागेचं नाव ‘टेंप्लम’. इंग्रजीतलं ‘टेंपल’ तिथून आलं. टक लावून बघत बसण्याला लॅटिनमध्ये जो शब्द झाला, त्यातून ‘काँटेंप्लेशन’ आलं. म्हणजे जागा आधी आभाळात आखली गेली, विटा-दगडांचं देऊळ नंतर उभं राहिलं.

पुढं जो संग्रह आहे तो रोमचा नव्हे. बालाघाटाच्या या पट्ट्यातली पाखरं, त्यांची गावाकडची नावं आणि त्यांच्या नावावर चालणारे शकुन-अपशकुन एवढंच त्यात आहे. पण आपली वस्तू नीट दिसायला कधी कधी शेजारच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं. म्हणून आधी थोडं लॅटिन.

लॅटिनमध्ये पक्षी म्हणजे ‘आविस’ आणि बघणं म्हणजे ‘स्पेकेरे’. दोन्ही जोडून ‘औस्पिकियुम’ झालं, पाखरू बघणं. आपल्याकडच्या इंग्रजी लग्नपत्रिकेवर ‘ऑस्पिशस’ असं सोनेरी अक्षरांत छापतात, त्यात ते पाखरू अजून बसलेलं आहे. दुकानाच्या ‘ग्रँड इनॉग्युरेशन’च्या फ्लेक्सवर तर खुद्द औगुरच उभा आहे, कारण शकुन बघून एखाद्याला पदावर बसवणं हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीतलं ‘उद्घाटन’ त्या मानानं साधं, नुसतं दार उघडणारं. ‘ऑगस्ट’ महिना सम्राट ऑगस्टसच्या नावाचा, आणि त्या नावाचा धागा औगुराच्या शब्दाशी खुद्द रोमन लोकच जोडत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला उभं राहताना हे कुणाच्या मनात येत नाही, येण्याचं कारणही नाही.

संस्कृतनं एवढी जोडाजोडसुद्धा केली नाही. शकुन म्हणजेच पक्षी. शकुंत, शकुनि हेही पक्षीच. शकुंतला ती, जिला रानात पाखरांनी सांभाळलं. आणि महाभारतातल्या कपटी मामाचं नावही पाखराचंच, हे लक्षात आलं की ‘शकुनीमामा’ ही शिवी जरा हलकी होते. ग्रीकांचंही तसंच. त्यांच्या भाषेत ‘ऑर्निस’ म्हणजे पक्षी आणि ‘ऑर्निस’ म्हणजेच शकुन. ॲरिस्टोफेनिसनं आपल्या पक्ष्यांच्या नाटकात या दुहेरी अर्थाची मनसोक्त टिंगल केली आहे.

आपल्याकडची सुरुवात ऋग्वेदापर्यंत मागे जाते. दुसऱ्या मंडलाच्या अखेरीला गृत्समद ऋषीची दोन छोटी सूक्तं आहेत, ती थेट पाखराला उद्देशून. घराच्या उजव्या बाजूनं बोल, चांगलं बोल, अशी त्याची विनवणी आहे. दहाव्या मंडलात घुबड आणि कपोत यांना वाईटाचे दूत ठरवलं आहे. घुबडाच्या मागची साडेसाती इतकी जुनी.

उजव्या बाजूनं बोल, हे वाचून वाटेल की उजवं ते शुभ, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. मेघदूतातला मेघ रामगिरीहून, म्हणजे आपल्या रामटेकहून, निघतो तेव्हा चातक त्याच्या डाव्या बाजूला गातो आणि कालिदासाच्या लेखी तो उत्तम शकुन आहे. रामाची वरात अयोध्येतून निघते तेव्हा डावीकडे नीळकंठ चारा टिपत असतो, असं तुलसीदासांनी लिहिलं आहे. रोमनांकडेही मुळात डावं शुभ. कारण आपल्या चौकात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. तोंड चौसाळ्याकडे केलं की सूर्य केजकडून, म्हणजे डाव्या हाताला, उगवतो. ग्रीक मात्र तोंड उत्तरेला करत, म्हणून त्यांचं उजवं शुभ. पुढं ग्रीकांचं वळण रोमन कवींना लागलं आणि डाव्या हाताचा लॅटिन शब्द ‘सिनिस्टर’ हळूहळू अभद्र झाला. इंग्रजीत तो आज फक्त अभद्रच उरला आहे. आपल्याकडे डावं-उजवं पाखरागणिक बदलत राहिलं. एकाला डावलणं, दुसऱ्याला उजवं मानणं हे आपण माणसांच्या बाबतीत जास्त पक्कं केलं.

आता पाखरांकडे.

रोमनांनी शकुनाच्या पाखरांचे दोन वर्ग केले होते. गरुड, गिधाड यांचं उडणं बघायचं; कावळा, घुबड यांचा आवाज ऐकायचा. ही विभागणी मी वाचली आणि माझ्या वहीतली नावं तिच्यात घालून बघितली, तर ती आपसूक बसली. भारद्वाज आणि नीळकंठ नुसते दिसले तरी पुरे. कुंपणाच्या बुडाशी तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज दिसला की माणूस मोटारसायकल थांबवून दोन क्षण बघतो. दसऱ्याला नीळकंठ दिसला की म्हातारी माणसं हात जोडतात. टिटवी, पिंगळा, पावशा यांचं मात्र सगळं काम आवाजाचं. त्यांच्यातला एखादा समोर येऊन बसला तर निम्म्या लोकांना तो ओळखू यायचा नाही.

टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली की वाईट, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. नेकनूरच्या बाजूला शेतात वस्ती करून राहणाऱ्या एका आजींना मी याबद्दल विचारलं.

“आजी, टिटवी ओरडली की तुम्हाला भीती वाटायची का?”

“भ्यायचं काय त्यात, लेकरा? ती सांगती, कुणीतरी फिरतंय म्हून. मग ते कुत्रं आसंल, साप आसंल, न्हाई तर चोर. मी कंदील मोठा करून बाहेर येऊन बघायची.”

पक्षिशास्त्र यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. टिटवी झाडावर बसत नाही, उघड्या जमिनीवरच्या खड्या-ढेकळांत अंडी घालते, म्हणून रात्री आजूबाजूला काहीही हललं की ती कालवा करते. ओरडण्याच्या मागोमाग संकट येतं, हे गावाचं निरीक्षण बरोबर होतं. गावानं फक्त राखणदारालाच चोराचा साथीदार ठरवलं. आकाश सावरण्यासाठी पाय वर करून झोपणारी टिटवीही आपल्याच गोष्टींत आहे, आणि समुद्र आटवायला निघालेलीही. एका पाखराला आपण भित्रं, आगाऊ आणि अभद्र असं तिन्ही केलं.

पावशाची गंमत आणखी वेगळी. मेच्या अखेरीला तो ओरडू लागतो आणि मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं. हाच आवाज हिंदीत ‘पी कहाँ’ होतो. तिथं तो प्रियकराला शोधतो. इंग्रज साहेब उकाड्यानं हैराण झालेला, त्याला त्यात ‘ब्रेन फीवर’, मेंदूज्वर ऐकू आला. पाखरू एक, तीन भाषांनी त्याच्या चोचीत आपापली गरज घातली. पावशा खरं तर जोडीदाराला बोलावत असतो, आणि पुढं अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. म्हणजे पेरणी दुसऱ्याच्या शेतात. त्याच्या शब्दावर विसंबून पेरलं आणि पावसानं ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च पावशा भरत नाही. कृषी खातं 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, ते ऐकावं. पावशाचंही ऐकावं, पण बियाणं काढून ठेवण्यापुरतं.

कावळ्याबद्दल इथं थोडक्यात लिहितो, कारण संग्रहात त्याची पानं सर्वांत जास्त आहेत. कुंपणावर ओरडला तर पाहुणा, पिंडाला शिवला तर सुटका, शिवला नाही तर मागं राहिलेल्यांनी शब्द द्यायचा, तरीही आलाच नाही तर दर्भाचा कावळा करायचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत कावळ्यासाठी वेगळा अध्याय घातला. वैशाखात चांगल्या झाडावर घरटं केलं तर सुकाळ, काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर केलं तर दुष्काळ, असं तो सांगतो. आमच्याकडे आजही घरट्याकडे मान वर करून बघणारे आहेत. फक्त त्यांनी वराहमिहिराचं नाव ऐकलेलं नाही, सहदेव-भाडळीचं ऐकलं आहे. ज्ञानदेवांच्या विराणीतली विरहिणी तर कावळ्याला विठ्ठलाच्या येण्याचा शकुन विचारते आणि वर त्याला काय काय देऊ करते! तिथं पाखरू आणि शकुन इतके जवळ आले आहेत की संस्कृतातला जुना अर्थ नव्यानं जागा झाल्यासारखा वाटतो.

पिंगळे दोन आहेत. एक वडाच्या ढोलीत किंवा पडक्या गढीच्या भिंतीत राहणारा, ठिपक्यांचा, मूठभर आकाराचा घुबडाचा भाऊबंद. दुसरा पहाटे, दिवस उगवायच्या आधी, कंदील आणि कुडमुडं घेऊन दारात येणारा. त्याला त्या पहिल्या पिंगळ्याची भाषा कळते असा समज, आणि त्यावरच त्याचं पोट. जुन्या शकुनग्रंथांत पिंगळ्याच्या बोलण्यावर वेगळी प्रकरणं आहेत. ज्ञानदेवांनी आणि एकनाथांनी या दारच्या पिंगळ्याचं रूपक करून त्याला परमार्थ बोलायला लावलं. आमच्या दारात यायचा त्याला आई सुपातून पसाभर ज्वारी घालायची. तो चांगलंच सांगायचा. पसाभर ज्वारीत वाईट कोण सांगतो?

रोमचा औगुर आणि आमचा पिंगळा यांना शेजारी उभं केलं की मला जे म्हणायचं आहे ते दिसतं. औगुर सरदार घराण्यातला, मंडळाचा आजन्म सभासद. सभा भरलेली असताना त्यानं ‘दुसऱ्या दिवशी’ एवढे शब्द उच्चारले की सभा तहकूब. इ.स.पू. 59 मध्ये सीझरचा सहकारी कॉन्सल बिबुलस घरात बसून ‘मी आभाळ बघतोय’ असं कळवत राहिला, म्हणजे सीझरचे कायदे शकुनाच्या नियमानं कच्चे ठरावेत. जिल्ह्याच्या राजकारणात वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. सिसेरो स्वतः औगुर होता, आणि शकुनविद्येची साल काढणारं पुस्तकही त्यानंच लिहिलं. त्यातच त्यानं मार्सेलसची गोष्ट सांगितली आहे. हा सेनापती काम ठरलं की बंद पालखीतून जायचा. वाईट शकुन दिसूच नये म्हणून.

रोममध्ये शकुन सत्तेच्या हातात होता, म्हणून लॅटिननं तो सरकारी शब्दांत जपला. पदग्रहण, आश्रय, सम्राटाची पदवी, देवळाची जागा. आपल्याकडे राजांनीही शकुन पाहिले, पण टिकवला तो भिक्षेकऱ्यानं, शेतकऱ्यानं आणि जात्यावर बसणाऱ्या बायकांनी. म्हणून मराठीत तो म्हणीत आहे, शिवीत आहे, पदराच्या शकुनगाठीत आहे. कार्यालयात त्याला जागा मिळाली नाही. आणि ओसरीवर राहिल्यामुळेच त्याच्यावर चेष्टाही झाली. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली, तो कुठल्याही तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला हार जाणार नाही. ‘कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही’ हीही त्याच घराण्यातली. ‘आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन’ म्हणणाऱ्याला शकुन मानणाऱ्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता. ज्या भाषेनं भीती घातली, तिनंच उतारा दिला. आणि ज्या गावाच्या नावातच मांजर बसलं आहे, तिथल्या माणसाला मांजर आडवं गेल्याची धास्ती कोण घालणार, अशी चेष्टा चौकातल्या हॉटेलात मी अनेकदा ऐकली आहे.

एक प्रसंग सांगतो. दसरा झाला की या चौकातून ऊसतोडीच्या गाड्या जाऊ लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार असतो: ज्वारीची पोती, बाज, भांडी, शेळ्या, पोरंबाळं, आणि डालग्यात कोंबड्या. एकदा भल्या पहाटे अशीच एक गाडी चहाला थांबली. एका बाईनं डालगं खाली उतरवून कोंबड्यांपुढं दाणे टाकले. कोंबड्या अंग आखडून बसून राहिल्या, दाण्याला शिवल्या नाहीत.

मला एकदम ड्रेपाना आठवलं. रोमन सैन्य मोहिमेवर पिंजऱ्यातून कोंबड्या नेत असे. लढाईआधी त्यांच्यापुढं दाणे टाकायचे. चोचीतून सांडेपर्यंत हावरेपणानं खाल्ले तर देवाची परवानगी, तोंड फिरवलं तर लढाई नको. इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर ड्रेपानाला पब्लिअस क्लॉडिअस पुल्केर या आरमारप्रमुखाच्या कोंबड्या काही केल्या खाईनात. तो भडकला. खात नाहीत तर पिऊ देत, म्हणत त्यानं त्या समुद्रात फेकायला लावल्या. लढाईत कार्थेजवाल्यांनी त्याची त्र्याण्णव जहाजं धरली. दोन हजार वर्षं ही गोष्ट देवाच्या अपमानाची म्हणून सांगितली जाते.

मी त्या बाईंना विचारलं, “खात का नाहीत हो?”

“गाडी लागलीय त्यांना,” त्या म्हणाल्या.

ड्रेपानाच्या कोंबड्यांना बोट लागली असेल, हे मला त्याआधी सुचलं नव्हतं. बाईंनी दाणे वेचून पुन्हा पदरात बांधले, डालगं वर चढवलं आणि गाडी पाटोद्याच्या रस्त्याला लागली. मुकादमाची उचल घेतलेली होती. शकुन कसाही आला असता तरी गाडी निघणारच होती.

या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरं नाही. दिवाळीच्या सुमाराला घुबडं पकडून विकली जातात, जादूटोण्यासाठी मारली जातात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला गुन्हा मानतो, आणि महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पाखराहून जास्त सोसलं ते बायकांनी. विधवेला अपशकुनी, नव्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणारे शब्द याच शेतात उगवले. संग्रहातून ते वगळावेत असा सल्ला मला मिळाला होता. मी ते ठेवले आहेत आणि प्रत्येकापुढं ‘शिवी’ असं लिहिलं आहे. शब्द वगळून वागणं बदलत असतं तर काम सोपं होतं.

नावांच्या बाबतीत मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’चा आधार पदोपदी घेतला. 18 जून 2025 रोजी सोलापुरात ते गेले, तेव्हा माझं काम निम्म्यावर होतं आणि पुष्कळ शंका त्यांना विचारायच्या राहून गेल्या. नायगावचं मयूर अभयारण्य इथून जवळ असूनही मोराला मी फार पानं दिली नाहीत. त्याचं कौतुक करणारे भरपूर आहेत. टिटवीला कुणी नाही.

प्रत्येक नोंदीत आधी पाखराचं इथलं नाव, मग ते कसं दिसतं आणि कुठं सापडतं, मग त्याचा शकुन, आणि शेवटी तो शकुन सांगणाऱ्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं, अशी मांडणी आहे. शकुन खरा की खोटा, हा निवाडा मी कुठंही दिलेला नाही. पाखरू मात्र नीट ओळखता यावं याची काळजी घेतली आहे. तुमच्या गावात टिटवीला, पिंगळ्याला, भारद्वाजाला वेगळं नाव असेल, किंवा इथं शुभ ते तिथं अशुभ असेल, तर पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत. त्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि कुणाकडून ऐकलं तेही लिहा.